अनामिक, गाव माहीत नाही

माझ्या दुकानाच्या फ्रीजमध्ये
मठ्ठ्याच्या पाऊचांमागं एक स्टीलचा डबा आहे.
झाकणावर नेलपॉलिशनं लिहिलंय : रजिता.
गिऱ्हाइकाचा हात तिकडं गेला की मी ओरडतो,
ते नाही बे, बाजूचं घे.

विडी घरकुलात एप्रिलमध्ये
भिंतीला पाठ टेकवत नाही कुणी.
नरसम्माकडं फ्रीज नाही, माठ आहे,
आणि माठावर डॉक्टरचा भरवसा नाही.
म्हणून तिच्या पोरीचं इन्सुलिन
माझ्याकडं राहायला आलं.

रजिता दिवसातून चारदा येते.
गोळ्यांच्या बरण्यांआड वळून उभी राहते,
टोचते, सुई डबीत टाकते,
दप्तर सारखं करत विचारते,
काका, दुपारी लाइट गेलती का?

गेलती.
मी चौकातून बर्फाची लादी आणली होती.
कुल्फ्या विरघळल्या, त्याचं काय एवढं.

सिव्हिलमध्ये कधी शिशी मिळते,
कधी खिडकीतून नुसता हात हलतो.
मग विकत.
एका शिशीला किती विड्या, हे नरसम्मा तोंडी सांगते,
कारखान्यानं छाट काढली तर किती, तेही,
सूप मांडीवर ठेवून, पानावरची नजर न उचलता.
घरात ती साखर म्हणत नाही, चक्केर म्हणते,
आणि तो शब्द उच्चारताना
दाराकडं बघते.

येमलांचा सागर कॉलेजला आहे,
तो म्हणाला, मोबाइलवरून पैसे मागता येतात,
ओळखीचं कुणी लागत नाही.
फक्त फोटो रडका पाहिजे.
हसरीला कोण देतंय?

रजिताला बाजेवर झोपवली.
केस विस्कटले. आईला उशाशी बसवली.
कुणाकडं सलाइनची बाटली आहे का, सागरनं विचारलं,
आणि शेजारच्या म्हातारीनं
रॉकेलची बाटली आणून दिली.
पोरगी जी हसायला लागली,
आई हसली, हातातली कात्री हसली,
सागरचा हात हलला.
तोच फोटो गेला.

मला आजारी दिसता येत नाही, ती म्हणाली,
त्यात माझी काय चूक?

पट्टी अडतीस टक्क्यांवर येऊन थांबली.
तीन आठवडे तिथंच.

नरसम्मानं मात्र वही काढली,
थोरलीच्या लग्नातली, आहेराची.
शेवटचं पान : पातेलं, मेरगूंकडून.
त्याखाली तिनं रजिताकडून लिहून घेतलं
सुरतेचे एक, पाचशे एक.
लातूरच्या बाई, दोनशे.
अनामिक, एक्कावन्न.
अनामिक, शंभर.
अनामिक, वीस.

मला विचारते,
हे अनामिक कुठले ओ?
मोठं घर दिसतंय, सगळीकडं ह्यांचीच माणसं.
आहेर फिरवावा लागतो.
ह्यांच्यात कार्य निघालं
तर मला सांगावा कसा येणार?

मी मापाचा चमचा पुसत राहिलो.
लिही, ती पोरीला म्हणाली,
गाव माहीत नाही.
पुढं जागा सोड.

त्यातला शंभराचा मी.
सांगितलं तर उद्याच पदराची गाठ सोडेल,
वर पाच जास्त ठेवेल,
आणि डबा उचलून
दुसऱ्या दुकानात नेईल कदाचित.

डब्यात आता दीड शिशी आहे.
मे अजून यायचाय.
रात्री शटर पाडलं तरी झोप लागत नाही,
मधेच उठतो,
अंधारात फ्रीजच्या पाठीला हात लावतो.
थरथरतोय.